तुझी होडी वल्हवणारी बाई

प्रिय लाय,

काल दुपारी तुमच्यातल्या चौघांना ज्या होडीत बसवलं, ती वल्हवणारी बाई मी होते. मी थाम, तुझी ताई. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि कागद संपेल. डोक्यावर टोपी, तोंडाला चौकड्यांचा पंचा, उघडे फक्त डोळे. चाळीस वर्षांनी नुसत्या डोळ्यांवरून कुणी कुणाला कसं ओळखावं? तुझा काही दोष नाही. मी मात्र तुला ओळखलं होतं.

कालवा वळतो तिथे होडी काठाला घासली, तेव्हा ओळखलं. तिथे ती रोजच घासते. होडी कलली की बाहेरची माणसं दोन्ही हातांनी कड धरतात, ओरडतात, मग हसतात. काल तुझी लेक एमीसुद्धा ओरडली. तू मान न वळवता अंगाचा भार दुसऱ्या बाजूला टाकलास आणि बोलत राहिलीस. आईने आपल्याला तसं शिकवलं होतं, पापडांच्या चळती बाजाराला न्यायचो तेव्हा. माझं वल्हं थांबलं. मागची होडी वल्हवणारी शेजारची चिन ओरडली, "ए म्हातारे, झोपलीस का? पाहुणे आजच्या आज परत जायचेत!" तिने मला नावाने हाक मारली नाही. खोटं कशाला लिहू, तेव्हा मला त्याचं बरं वाटलं.

मग तू क्वेनला विचारलंस. ती पोरगी चांगली आहे, सायगॉनहून पाहुण्यांच्या टोळ्या घेऊन येते, येताना माझ्यासाठी जुनी पुस्तकं आणते. "नारळाच्या वड्या झाल्या, मधाचा चहा झाला, आता वीस मिनिटं होडी, मग गाणी आणि जेवण," असं तिचं चाललेलं असतं. आपल्या आईचं नाव घेऊन तू तिला हळूच म्हणालीस, इथे भाताच्या गिरणीमागे पापडवाल्या गामकाकूंचं घर होतं, ते कुठे असेल? तिने माझ्याकडे बघून विचारलं, "मावशी, तुम्ही इथल्याच ना? सांगा की यांना." आणि मी पंचाआडून म्हणाले, "गिरणी केव्हाच पाडली. गामकाकूंच्या घरचं आता कुणी उरलं नाही." तू पाण्याकडे बघत राहिलीस. धक्क्यावर उतरताना माझा हात धरून म्हणालीस, "जपून वल्हवा ताई, पाणी चढलंय." इथे कुणीही कुणालाही ताई म्हणतं. तरी मी बराच वेळ तो हात दुसऱ्या हातात धरून बसले होते.

चिनने माझं बोलणं ऐकलं होतं. होड्या बांधल्यावर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "घरचं कुणी उरलं नाही म्हणालीस? मग तू कोण, भूत? आणि मी रोज ज्या घरात चहा प्यायला येते ते काय स्मशान आहे?" मी बांधलेली दोरी सोडून पुन्हा बांधली. मग तिचा आवाज उतरला. "ती कोण होती गं?" मी तुझं नाव सांगितलं. ती माझ्या होडीच्या कडेवर बसली. प्रत्येक वर्षी ती तुझ्या श्राद्धाला जेवायला येते, लाय. चाळीस वर्षं. बसून तिने मला इतक्या शिव्या दिल्या की त्या मी इथे लिहीत नाही.

आता जे तुला माहीत नाही ते. तू बोटीने देश सोडून गेलीस त्या पहाटेनंतर सहा महिने वाट बघून आईने तुला मेलेली धरलं. समुद्रात गेलेल्याचा दिवस कुणाला ठाऊक असतो? आपल्याकडे मग घरातून निघाल्याचा दिवस धरतात. नवव्या महिन्याची बारावी तिथी. तुझा शाळेतला फोटो मोठा करून देव्हाऱ्यावर लावला, बाबांच्या शेजारी. सरकारी माणसांना सांगितलं, मुलगी मासे धरायला गेली आणि बुडाली. पळून गेलेल्यांच्या घरच्यांना तेव्हा कुठे काम मिळत नसे आणि माझ्या नवऱ्याला, तानला, नुकतंच फेरीबोटीवर घेतलं होतं. तीन वर्षं झाली तेव्हा आई म्हणाली, "पोरीला निजायला जागा तरी हवी." बागेत बाबांच्या पायाशी तिने तुझं थडगं बांधून घेतलं. आत तुझा शाळेचा सदरा ठेवला.

त्याच आठवड्यात तुझं पहिलं पत्र आलं. थडग्याचा चुना अजून ओला होता.

तुला आठवत असेल, तू शाळेत जायचीस आणि मी आईबरोबर पापड वाळत घालायचे. मी अक्षरं शिकले ती माशाच्या सॉसच्या बाटल्यांवरून आणि गूळ बांधून यायचा त्या वर्तमानपत्रांवरून, कुणी न शिकवता. आईला एक अक्षर येत नव्हतं. परदेशी तिकिटाचं पाकीट हातात घेऊन तिने मला विचारलं, "काय आहे गं?" मी बोट ठेवून ठेवून वाचलं. तू जिवंत आहेस, निर्वासितांच्या छावणीत आहेस, आता ऑस्ट्रेलियाला जाणार. वाचलं आणि म्हणाले, "बोटीच्या ऑफिसातून तानला आलंय." मी आयुष्यात वाचलेलं पहिलं पत्र ते, आणि आईला मी ते असं वाचून दाखवलं.

रात्री तान म्हणाला, "थोडे दिवस थांब. आईंच्या पोटात काही राहायचं नाही, त्या बाजारभर सांगतील आणि माझं काम जाईल." ते खरंच होतं. पण भीती हे अर्धंच कारण, आणि दुसरं अर्धं मी तानलाही कधी सांगितलं नाही. तू गेल्यावर आई माझ्याकडे बघायला लागली होती. तोवर घरात "लायला बोलव, लाय वाचून दाखवेल, लायला विचार" असंच चालायचं. तुझा फोटो भिंतीवर गेल्यावर ती पहिल्यांदा मला म्हणाली, "थाम, ये, बस इथे." मला वाटलं, अजून थोडे दिवस बसू दे. मग दुसरं पत्र आलं, मग तिसरं. तिसऱ्यात तू फक्त एवढंच विचारलं होतंस की आई रागावली आहे का, तेवढं तरी कळवा. थोडे दिवस करता करता वर्षं गेली. तू जाऊन नववं वर्ष लागलं आणि आई वारली. त्यानंतर कळवायचं म्हणजे का नाही कळवलं तेही सांगायचं. ते मला जमलं नाही. दोन वर्षांपूर्वी तान गेला. जायच्या आदल्या आठवड्यात म्हणाला होता, "आता कुणाला घाबरायचं? लिही तिला." मी हो म्हटलं आणि लिहिलं नाही. तो गेल्यापासून घरात मला हे विचारणारंही कुणी नाही.

तिन्ही पत्रं मी तुझ्याच तसबिरीत लपवली, फोटो आणि मागचा पुठ्ठा यांच्यामध्ये. घरात तेवढ्या एका वस्तूला आईशिवाय कुणी हात लावत नसे. ती तसबीर रोज सकाळी पुसायची, काचेवर फुंकर घालून, सदऱ्याच्या टोकाने. कधी म्हणायची, "ही जाड का लागते गं हाताला?" मी म्हणायचे, "दमटपणाने फुगलीय."

तुझ्या श्राद्धाला ती शेवरीच्या पिवळ्या फुलांचं आंबट कालवण करायची, छोटे मासे घालून, तुला आवडायचं तसं, मिरची कमी. पूर आलेला असतो, फुलंही त्याच दिवसांत मिळतात. वाडगा तुझ्यापुढे ठेवून म्हणायची, "खा बाई, गार होईल." उदबत्ती विझली की तो वाडगा मी खायचे. तुझा वाटा दरवर्षी मी खाल्ला, लाय, तू जिवंत आहेस हे ठाऊक असताना. ती गेल्यापासून कालवण मी करते आणि "खा बाई" हेही मीच म्हणते.

आणि काल, धक्का यायच्या जरा आधी, क्वेन तुम्हाला म्हणाली की इथे लोक आपली माणसं बागेतच पुरतात, तेव्हा तू फोन काढून फोटो घेतलास. तो बघ. डाव्या हाताला पपनसाचं झाड आहे, त्याखाली बाबा आणि आई. त्यांच्या पायाशी जे लहान थडगं आहे, ते तुझं. मी वल्हं मारत पुढे गेले. तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं.

ओहोटी लागली आहे, होड्या बंद आहेत, म्हणून हे लिहून होतंय. उद्या क्वेन दुसरी टोळी घेऊन येईल. तिने सांगितलं की तुम्ही रविवारपर्यंत सायगॉनमध्ये आहात. हे पत्र ती तुझ्या हॉटेलात आणून देईल. तू हाच महिना निवडून आलीस का, मला माहीत नाही. शनिवारी बारावी आहे. मी माफी मागायला लिहीत नाही, ज्यांची मागायची होती ती माणसं बागेत आहेत. मी लिहिते ते यासाठी की काल तुझा गरम हात हातात घेतल्यावर मला परत तुझ्यापुढे उदबत्ती लावता येणार नाही, आणि तसबीर उतरवायला गेले तर हात वर जात नाही. ती तूच येऊन काढ. पत्रं आत आहेत, आईला तू वाचून दाखव. घर हललेलं नाही, गिरणीच्या जागी आता शाळा आहे, तिच्या मागे. मला काय बोलायचं ते बोल, किंवा बोलू नकोस. चिन फुलं आणणार आहे. मी कालवण करीन, मिरची कमी घालून, आणि वाडगा यंदा देव्हाऱ्यावर नाही, खाली चटईवर ठेवीन.

तुझीच,
थामताई