तिचं-माझं एकच अक्षर

३ जून
लागलं एकदाचं घर. पुस्तकं फळीवर, ह्यांचा फोटो खिडकीशी, सकाळचं ऊन थेट खुर्चीवर. परगावच्या लेकीचा फोनवर हुकूम आलाच: आई, तुझी कागदपत्रं कुणाला देऊ नकोस. खालच्या मजल्यावरची बाई माझ्याच कॉन्व्हेंटची निघाली, दोन वर्ग मागची. सिस्टरनी पट्टी उगारून आम्हा सगळ्यांना एकाच वळणाचं अक्षर लावलं होतं. तिची चिठ्ठी पाहून वाटलं, मीच लिहिलीय. तिनं ताई म्हटलं आणि मी विरघळलेच.

९ जून
रोज येते. माझी पहिली मांजर, आईचं माहेरचं आडनाव, लेकीचं लाडाचं नाव, तिला सगळं ऐकायचं असतं. इतक्या मायेनं कोण ऐकतं हल्ली? कागद मात्र कुणाला दाखवले नाहीत. जाताना माझी करडी शाल पांघरून आरशापुढे उभी राहिली. म्हणाली, ताई, आता कोण ओळखेल. पोट दुखेपर्यंत हसलो. शाल तिच्याकडेच राहिली.

१७ जून
वसुलीवाल्याचा फोन. मी म्हणे आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज घेऊन पहिलाच हप्ता बुडवलाय. या वयात लाज वाटत नाही का, म्हणाला. धावत बँकेत गेले. क्रेडिट रिपोर्टवर नाव माझं, अर्जावर सही माझी, तेच वळण. कारकून म्हणाला, आधी रिपोर्टला कुलूप घाला, म्हणजे नवं कर्ज निघणार नाही. त्यासाठी ओळखीचे प्रश्न. मांजरीचं नाव सांगितलं. चूक. आडनाव. चूक. म्हणाला, खऱ्या बाई परवाच येऊन उत्तरं बदलून गेल्या, आणि तुमच्याबद्दल सावध करून गेल्या. मग त्यानं रखवालदाराला खूण केली.

१८ जून
जाब विचारायला खाली गेले. तिनं दार उघडलं. माझा अंबाडा. माझ्यासारखा चष्मा. शाल. माझ्याच आवाजात विचारलं, कोण हवंय आपल्याला?
चौकीत ओळखपत्र दाखवलं. हरवल्याची तक्रार आहे, रद्द झालंय म्हणाले.

२० जून
लेकीला फोन. म्हणाली, आईनं सांगितलंय, तिचा आवाज काढणारी कुणी आहे. मी तिचं लाडाचं नाव घेतलं — ती रडायलाच लागली. म्हणाली, हेही तुम्ही सांगाल असं आई म्हणाली होती.
तुम्ही म्हणाली. मला.

२१ जून
लेक आली. खिडकीतून दिसतेय. फाटकाशी करडी शाल — लेक तिच्या गळ्यात पडली — मी हाक मारली. लेकीनं वर पाहिलं. त्या बाईला आपल्यामागे घेतलं, माझ्यापासून —
जिन्यावर पावलं. कुलपात किल्ली फिरतेय. आई, तू मागेच थांब, म्हणतेय ती —
बाळा, मी इथे आहे, मी तुझी