खुनी कोण, ते पहिल्याच पानावर

सुलतान बाजार, हैदराबाद

चि. सौ. रेणूस ताईचे आशीर्वाद.

मी ठीक आहे, जेवण वेळेवर होते. वरुण आणि सूनबाई दिवसभर ऑफिसात असतात. मी फोनवर वाचकांचा एक गट शोधून काढला आहे. जुन्या पुस्तकांत सापडलेल्या गमतीजमती लोक तिथे टाकतात. मोरपीस, बसचे तिकीट, कुणाची तरी पत्रिका.

काल तिथे आपल्या परभणीच्या वाचनालयाचा शिक्का असलेली रहस्यकथा दिसली. पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहिलेले, "खुनी दिवाणजी. वेळ वाचवा." हो, तीच प्रत! हे तूच लिहिलेस म्हणून मी महिनाभर तुझ्याशी बोलले नव्हते. तेव्हा रागात अक्षर नीट पाहिलेच नाही. काल फोटो मोठा करून पाहिला. अक्षर आपल्या अण्णांचे आहे! आपण भांडत होतो तेव्हा ते शेजारीच पेपर वाचत बसले होते.

मी एकटीच मोठ्याने हसले. संध्याकाळी वरुणला दाखवले. "अम्मा, मला मराठी कुठे वाचता येते, तूच वाच ना," म्हणाला. वाचून, समजावून सांगेपर्यंत त्यातले हसू गेले.

चूक माझी होती, रेणू.

मोतीबिंदूचे काय ठरले? इथे जवळच कोठी भागात चांगले डॉक्टर आहेत. इथेच ये आणि महिनाभर राहा. पत्र मिळताच फोन कर. रागवायचे असेल तरी फोनवरच रागव.

तुझी,
विमलताई