हुकूम देणाऱ्याचा शेरा

भाऊ, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. काल माझ्या हाताखालच्या एका मुलीनं विचारलं, "सर, प्रकल्प संपला की सगळ्यांच्या देखत मूल्यमापन करायची पद्धत आपल्याकडे कुणी पाडली?" मी म्हणालो, "माझ्या पहिल्या संस्थेतल्या साहेबांनी." लगेच मनात आलं, हे तरी खरं आहे का? तुम्ही ती पाडली, की माझ्याकडून पाडून घेतली, की तुमच्या मनात भलतंच काही होतं?

गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कुरखेड्याच्या कौलारू कचेरीत तुमची संस्था होती, आणि कोशाचा, म्हणजे झाडांवर अळ्या पाळून टसर रेशीम काढायचा प्रकल्प, बांबूकाम, तलावदुरुस्ती अशी कामं चालायची. मी वडशाचा, बौद्ध घरातला, सरकारी नोकरी सोडून आलेला. तिथल्या साहेबानं माझ्या गोपनीय अहवालात 'उर्मट' असा शेरा मारला होता. तो मला कधी दाखवला नाही, पण त्यापायी माझी बढती अडली. आमच्या समाजातल्या पोरानं मान वर करून विचारलं की त्याला काय म्हणतात, हे मला ठाऊक होतं. तुम्हालाही होतं. म्हणून तर त्या दुपारी तुम्ही मला घरी बोलावलंत. काकू चुलीवर लाखोळीची डाळ घोटत होत्या आणि तुम्ही पाटावर बसून म्हणालात, "देणगीवाले म्हणून राह्यले, माणसाईचं काम प्रकल्पावरून तपासा. त्याची पद्धत तू लिही. वाईट शेरा कसा लागते, तुले मालूम हाये."

मी हो म्हटलं आणि बाहेर पडताच संशय घेतला. इतके जुने लोक असताना मीच काऊन? मला वाटलं, तुम्हाला कोशाच्या बाईंना काढायचं आहे. बाई वडशाच्याच, मुसलमान घरातल्या, कोशाचा प्रकल्प सांभाळायच्या आणि भर बैठकीत तुमच्या तोंडावर तुम्हाला चूक म्हणायच्या. तुम्ही संस्थेच्या समितीकडे त्यांची तक्रार केल्याचं कानावर होतं. बाईंना वाईट शेरा मिळेल, लोक चिडतील, आणि नियम कोणाचे, तर माझे. असा तुमचा हिशोब असणार, अशी माझी खात्रीच झाली.

मग मी तुमची वाट अडवायला बसलो. लिहिलं, की शेरा कोणी एकट्यानं द्यायचा नाही. ज्याचं काम तपासायचं तो समोर हजर हवा, त्याला उलट बोलू द्यायचं. ज्या गावासाठी प्रकल्प, तिथली माणसं बसली पाहिजेत. आणि काम वरच्याच्या हुकमानं बिघडलं असेल, तर शेरा हुकूम देणाऱ्याला. तुम्ही सगळं वाचलंत. काही खोडलं नाहीत. शेवटच्या कलमावर मात्र बोट ठेवलंत.

"हे राहू द्याचं?"

"राहू द्याचं."

"बरं." एवढंच. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. तुमच्या त्या 'बरं'नं मी आणखीच सावध झालो.

पहिलं मूल्यमापन कोशाचं झालं. त्या हंगामात बहुतेक अळ्या पावसात मेल्या होत्या. ऐनाच्या झाडांखाली सतरंजी टाकली आहे, कोसा पाळणारे ढिवर समाजाचे लोक बसले आहेत, बाई पदर घट्ट धरून एका कडेला, आणि मी तुमच्याकडे बघतोय, आता तुम्ही बाईंवर कसे येता ते. पण आधी एक म्हातारी उठली. म्हणाली, "बाईनं तं सांगतलं होतं, पाणी लय हाये, अळ्या झाडावर सोडू नोका. भाऊनं निरोप धाडला, सोडा म्हणून."

तुमचा चेहरा लाल झाला. "देणगीवाले पाहुणे पाहाले येणार होते," तुम्ही ओरडलात. "रिकामी झाडं दाखवाची का त्याईले?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, झाडं रिकामीच राह्यली ना शेवटी."

तुम्ही शेऱ्याचा कागद माझ्याकडे सरकवलात. मग माझ्यावर खेकसलात, "काऊन थांबला? तुयंच कलम हाये. लिही." मी लिहिलं. तुम्ही सही केलीत. पुढं समितीनं त्याच शेऱ्यावरून तुम्हाला कामावरून मोकळं केलं, आणि संस्था बाईंच्या हाती आली. सामान बांधून तुम्ही अहेरीला लेकीकडे गेलात.

मी तिथं एकदा आलो होतो. धीर करून विचारलं, "भाऊ, तुमाले आधीच मालूम होतं का, शेरा तुमच्यावर येईन म्हणून?" तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, की मला काहीच कळलं नाही. "चहा पे," म्हणालात. "थंडा होऊन राह्यला." मग तुम्ही अहेरीच्या बाजाराबद्दल बोलत बसलात. त्यानंतर आपली भेट नाही.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा बाई माझ्याकडे आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नियम कोणाले लिहाले लावू, हे त्याईनं मलेच विचारलं होतं. मी तुमचं नाव सांगतलं. म्हटलं, तो तुमच्यावर भरोसा ठेवत नाई. त्यावर म्हणाले, मंग तोच पाह्यजे."

बाई गेल्यावर वाटलं, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं म्हणून तर त्यांनी हे रचलं नसेल? की स्वतःची तक्रार करणाऱ्याला त्या माफ करत होत्या? आणि मूळ प्रश्न तसाच राहिला. त्यांना काढायचं तुमच्या मनात होतं, मग तुम्ही त्यांनाच का विचारलंत? मी हे सगळं पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलं आहे, भाऊ. तुम्ही डाव टाकला आणि तो तुमच्यावरच उलटला, असंही म्हणता येतं. किंवा तुम्हाला स्वतःचाच भरवसा वाटत नव्हता आणि कोणीतरी अडवणारा हवा होता, असंही. दोन्ही सारखंच पटतं.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते धाडलं नसतं. तुम्ही वाचलं असतंत आणि पुन्हा नुसतं 'बरं' म्हणाला असतात. एक मात्र सांगतो, हे कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्यावर संशय घेण्यात माझी इतकी वर्षं गेली, आणि त्यातला एकही दिवस असा नव्हता की तुम्ही मला आवडत नव्हतात.