नैवेद्य यंदा माझ्याकडे

२ ऑगस्ट, शनि.
आठ महिने पूर्ण, पाळी नाही. डॉ. बाई म्हणाल्या, बारा झाले की गेली समजा. तोवर गरम झोत कधी येतात ते लिहीत जा. आज तीन. त्यातला एक एमआयडीसीत, लॅबमध्ये, ब्यूरेट हातात असताना. गॉगल आतून धुकट, रीडिंग गेलं. शेजारच्या टेबलावर काम करणारी कविता, सिंधी कॅम्पातली, हसली नाही. "दीदी, बैठो ना दो मिनट," म्हणत टेबलफॅन माझ्याकडे वळवला. तिला मी काही सांगितलेलं नाही.
सांगितलंय फक्त नवऱ्याला. सुनीलला. तेही शपथ घालून.

१० ऑगस्ट, रवि.
झोत पाच. अंबरनाथला सासरी गेलो होतो. दीर समोर पोहे खातायत, तरी सासूबाई मोठ्याने, "मनीषा, यंदा गौरीचा नैवेद्य तुझ्याकडे हं. सोवळ्यात. आता तुझी कटकट गेली ना!"
जाऊबाई मान खाली घालून हसल्या. त्यांची तारीख नेमकी त्याच आठवड्यात येते म्हणे.
सुनीलकडे बघितलं. पोह्यातले शेंगदाणे वेचत बसला होता.
बावीस वर्षं गौरीसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या खाल्ल्या. डोकं दुखायचं, मळमळायचं. तेव्हा कोणी चारचौघांत विषय काढला नाही.

११ ऑगस्ट, सोम.
विचारलंच.
"अगं, आई काय परकी आहे का? नैवेद्याचं कसं होणार म्हणून टेन्शनमध्ये होती, मी म्हटलं..."
म्हणजे स्वयंपाकाला बाई कमी पडत होती, म्हणून माझी गोष्ट सांगून टाकली. रडू नाही आलं. राग आला, भयंकर. त्यातच झोत. राग कुठला नि झोत कुठला कळेना, एकच धरला.

१९ ऑगस्ट, मंगळ.
झोत चार. हेंद्रेपाड्यात घरी आल्यावर नुसती फरशीवर पडले. सुनीलने न सांगता चहा केला. प्यायले. कप त्यालाच विसळायला ठेवला.

३१ ऑगस्ट, रवि.
गौरी आल्या. पावलं मी काढली. सासूबाई म्हणाल्या, "सोन्यासारखी सून आहे माझी." बावीस वर्षांत पहिल्यांदा. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१ सप्टें., सोम.
पुरण वाटून झालं. सातवी पोळी लाटताना पोटात ओळखीची कळ. बाथरूममध्ये जाऊन पाहिलं. नऊ महिन्यांनी. आजच!
सुनीलला दाराशी बोलावून सांगितलं. चेहराच पडला. "आईला सांगू नकोस हं. कोणालाच नको. प्लीज."
गप्प राहता येतं म्हणजे ह्याला.
सासूबाई आतून हाक मारत होत्या, आरतीची वेळ झाली, आटप. गेले ओट्याशी. उरलेल्या सगळ्या पोळ्या लाटल्या. नैवेद्य मीच दाखवला.

२ सप्टें., मंगळ.
गौरी गेल्या. सासूबाई शेजारणींना सांगतायत, पोळ्या इतक्या मऊ कधी झाल्या नव्हत्या, आता दरवर्षी हीच करणार. पाप केल्यासारखं वाटेल म्हणून कालपासून वाट बघतेय, अजून वाटलेलं नाही. भीती मात्र वाटते, भलत्याच गोष्टीची. इतक्या महिन्यांनी गेलं, आत काही दुखणं तर नसेल? डॉ. बाईंना फोन केला. गुरुवारी बोलावलंय. महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.
सुनील विचारतो, "सोबत येऊ?"
मी आजचे झोत लिहून घेतेय. दोन.