जून काकडी

आई, काकडी संपली. बाजारातली नाही गं, ती ढिगाने पडलेली असते. तुझी संपली.

तुझ्या माहेरची ती पांढुरकी, ठेंगणी काकडी. दिल्लीला आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमागे तिला जमीन तरी होती. बाबा रिटायर झाले, आपण नोएडाच्या नव्या सोसायटीत आलो, आणि चहूकडे नुसती वाळू नि सळया बघून तू बाल्कनीतच म्हणालीस, "हे काय घर आहे? माती विकत आणायची!" भाजीवाल्याकडे काकडी मागितलीस तर त्याने लांब, वाकडी ककडी पुढे केली. "माताजी, आपने ककडी ही तो माँगी!" आपल्या काकडीला इथे खीरा म्हणतात हे तुला चांगलं ठाऊक होतं, पण शेवटपर्यंत तू खीरा म्हणाली नाहीस. हट्टी कुठली! मग बाल्कनीत तुपाचे रिकामे डबे आले, रंगाच्या बादल्या आल्या, तेव्हा नव्यानेच मिळायला लागलेल्या कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटल्या अर्ध्या कापून त्यात कोथिंबीर आली. वॉशिंग मशीन घेतलं तेव्हा शेजारीपाजारी मशीन बघायला जमले आणि तू खोक्यातला थर्माकोल पोटाशी धरून बसलीस. "मुळ्याला किती छान आहे गं हे!"

दर उन्हाळ्यात एका काकडीला तू लाल लोकर बांधायचीस. ती बियाण्याची. मी एकदा तोडायला गेले तर फाडकन हातावर बसली. "ती जून होऊ दे. पिवळी पडली, साल टणक झाली की मगच तोडायची. कोवळ्या काकडीचं बी उगवत नसतं, कळलं?" मी रडत बसले. जेवताना तू कोशिंबिरीचा मोठा वाटा माझ्या ताटात वाढलास.

तू गेल्यावर ते बी मी जपलं. घरं बदलली, डबे बदलले, बी तेच. यंदा इथे गुडगावला अकराव्या मजल्यावर उरलंसुरलं सगळं बी लावलं. एकच वेल जगली, तिला एकच काकडी धरली. मी लोकर बांधली. मेच्या अखेरीस ऑफिसच्या कामाने बाहेरगावी जावं लागलं, म्हणून लेकीला बजावलं, "रोज पाणी घाल. आणि ती काकडी जून झाल्याशिवाय तोडायची नाही. बिल्कुल नाही."

परत आले तर टेबलावर कोशिंबीर. दही, दाण्याचं कूट, वर हिंगाची फोडणी, थेट तुझी. लेक हसत उभी. "मम्मा, आज जून लागला ना! सकाळीच तोडली. तू रिबन बांधलेलीस, म्हणजे स्पेशल. म्हणून तुझ्यासाठी केली."

काय ओरडू तिला? बिचारी महिना उलटायची वाट बघत थांबली होती. मी खाल्ली, आई. चांगली झाली होती. आता तुझ्या हातचं म्हणावं असं या घरात काही उरलं नाही. बाल्कनीत जायचीसुद्धा इच्छा होत नाही. ताटाच्या कडेला काढलेल्या बिया वाळवल्यात, त्या कागदासारख्या चपट्या आहेत, उगवायच्या नाहीत. लेक रोज विचारते, "कधी लावायच्या?" मी म्हणते, बघू.

हे पत्र कुठे पाठवणार, घरात तरी मराठी कोणाला वाचता येतंय! तरी तुला एक सांगते. तुझ्या तोंडी महिन्यातला जून वेगळा होता आणि काकडीचा जून वेगळा. काकडीचा ज दातांवरचा, जागेतला, जखमेतला. लेकीला तो कानाने कळायला हवा होता, असं मनात धुसफुसत मी काल बाथरूममध्ये कडी लावून तो शब्द मोठ्याने म्हणून पाहिला. परत परत म्हटला. दर वेळी महिनाच निघाला.