तीन श्वासांचा धडा

शनिवार, ता. ९, दुपार

चि. ठमीस,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतोय, पण तोंड शाबूत आहे. तुझं कौतुक करून ते दमत नाही.

सोमवारी लाँड्रीच्या बारा शाखांत सुरू होणारा तुझा ऑनलाइन कोर्स थांबव, एवढं सकाळी फोनवर बोलले आणि तू कारण विचारताच फोन ठेवला. कारण सांगायला जीभ रेटेना. आमच्या शाखेची गाडी हेड ऑफिसकडे निघाली आहे, ड्रायव्हरच्या हाती हे देते.

आधी कौतुक, नाहीतर म्हणशील ताईला फक्त चुका काढता येतात. बारा-बारा मिनिटांचे धडे, प्रत्येक शिफ्टची वेळ ठरलेली, शेवटी पाच प्रश्न, आणि कोण कुठे अडलं ते तुला तिथे बसून दिसतं. चार महिने राबलीस. नव्या मुलींना मशीन शिकवायला मला एकोणीस वर्षं एक फळा पुरला. तो परवा काढला, तिथे आता हेडफोन टांगतात. साहेब म्हणाले, "बहिणीने तुमचं काम किती सोपं केलं हो." मी हसले. पोटात असं दुखलं की डबा तसाच घरी नेला. तुला बुटाची नाडी बांधायला मी शिकवलं, तुझे पाढे मी घोकून घेतले, आणि आता माझ्या मुली तुझ्या आवाजात शिकणार.

मागच्या महिन्यातली मीटिंग आठवते? सगळ्यांसमोर विचारलंस, "ताई, काही राहिलंय का गं?"

राहिलं होतं. चौथ्या धड्यात धुलाईच्या मशीनचा हिरवा दिवा लागला की दार उघडा आणि कपडे काढा, एवढंच आहे. पण ओल्या चादरी एका बाजूला गोळा झाल्या असल्या, तर थांबलेला ड्रम अर्धा फेरा उलटा येतो. म्हणून मी प्रत्येक बॅचला सांगते, दिवा लागला तरी तीन श्वास मोजा, मग हात घाला. मी म्हणाले, "काही नाही. छान झालंय."

तुझं थोडं फसावं, आणि सगळ्यांनी म्हणावं की ताईंच्या वर्गात असं होत नव्हतं. बस, एवढंच हवं होतं. थोडं म्हणजे कुणाचा तरी हात, हे तेव्हा सुचलं नाही, असं लिहिणार होते. सुचलं होतं.

काल तुझ्या कोर्सच्या चाचणीतल्या मुलींना मशीनवर उभं केलं. एक नवी, पाचही उत्तरं बरोबर आलेली. दिवा लागला, तिने दार उघडलं आणि हात घातला. मी तिला ॲप्रन धरून मागे ओढलं, तेवढ्यात ड्रम फिरला. रडवेली होऊन म्हणाली, "पण ताई, मोबाइलवर असंच दाखवलंय."

आता तू विचारशील, ज्या पुस्तिकेवरून तू धडे बनवलेस, तिच्यात इतकी मोठी गोष्ट का नाही? पुस्तिका मीच लिहिली. ते लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, तुम्हाला कसं कळलं?

माझ्या डाव्या करंगळीमुळे कळलं. नोकरीचा दुसरा आठवडा होता. घरी कळलं तर काम सोडायला लावतील, म्हणून बोट रुमालात गुंडाळून आले. तू नऊ वर्षांची, धावत येऊन दार आपटलंस. मी ओरडले आणि आईला म्हणाले, हिने बोट चेमटलं. त्यानंतर तू कधी दार आपटलं नाहीस. माझी पडेल ती कामं मुकाट्याने केलीस. मला ते आवडत होतं, ठमे. आजपर्यंत आवडत होतं.

चौथा धडा नव्याने चित्रित कर. सोमवारी सकाळी मी येते. माझा हात जवळून दाखव, बोट का वाकडं आहे ते मीच सांगेन. आणि माझं नाव तुझ्या नावाच्या वर घाल. जळणं एका पत्राने जात नाही, पण हात वाचायला हवेत.

दारात जिचं बोट कधीच सापडलं नव्हतं,
ती तुझी
ताई