मैनेच्या घराची धास्ती

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

शिवाजी पेठ, कोल्हापूर
मंगळवार, १२ ऑक्टोबर २००४

प्रिय केरबा,

शिवलिंगचा नमस्कार. गारगोटीला सगळी खुशाल असतील आणि तुझा गुडघा तुला जिना चढू देत असेल, असं धरून चालतो. माझी तब्येत तशी ठीक. फक्त गेले चार दिवस छातीत धडधडतं आणि पाठीमागून कुणी बघतंय असं वाटतं. (बघतंच आहे. ते पुढे येईल.)

आमची नात शांभवी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. शुक्रवारी ती आठ दिवसांच्या सहलीला गेली आणि जाताना माझ्या हातात एक काडेपेटी ठेवली. आत कोळी. जाळं विणून बसणारा नव्हे, उड्या मारणारा. करंगळीच्या नखाएवढा, केसाळ, आठ डोळ्यांचा. मादी म्हणून नाव मैना. जुना डबा फुटलाय, नवं घर तुम्हीच बघा अज्जा, म्हणाली. मैनेला काय झालं तर तुमच्याशी बोलणार न्हाय, हेही म्हणाली. केरबा, या घरात माझ्या पाठ कविता ऐकून घेणारी तीच एक उरली आहे. आपल्या क्रमिक पुस्तकात फुलपाखरू झालं, मुंगी झाली, बैलसुद्धा झाला. कोळ्यावर कुणी दोन ओळी केल्या असत्या तर आज मला धीर आला असता.

घर रुंद नको, उंच हवं, वारा खेळता हवा, आत एक काटकी हवी, असं शांभवीनं लिहून ठेवलं होतं. लोणच्याच्या बरणीला आमच्या सौ.नं, शांतव्वानं, हात लावू दिला नाही. मग कॉफीची बाटली घेतली, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली. तर मैनेनं झाकणाच्याच आतून कापसासारखं घरटं विणलं. माशी सोडायला झाकण काढावं तर छपरासकट तीही वर! (भीती वाटली की मी वृत्तांचे गण म्हणतो. शनिवारी पाच वृत्तं संपली.) शेवटी माळ्यावरची कंदिलाची काच काढली. याच काचेच्या उजेडात मी शाळेत असताना कविता पाठ केल्या. पुसता पुसता अर्धा तास कुठे गेला कळलं नाही, आणि तेवढा वेळ बाटली उघडी होती हे नंतर कळलं. सुदैवानं मैना आतच होती. काचेच्या दोन्ही तोंडांना मलमल बांधली, पेरूची काटकी ठेवली. आता वरचं घरटं वर राहतं, माशी खालून सोडायची. झकास घर झालं. फक्त मी खोलीत जिकडे जाईन तिकडे ती तोंड वळवते.

काल नवीनच घोर. मी हिंमत करून पकडलेली माशी शांतव्वानं खिडकीतून सोडून दिली. कोळ्यानं महादेवाच्या पिंडीवर जाळं विणून सावली धरली होती, ही गोष्ट तिनं मठात ऐकलेली. म्हणाली, "भक्तीण हाय ती. सोमवारी न्हाय खायाची." मी म्हटलं, अगं, मरेल. "उपासानं कोण मरत न्हाय. तुमी कधी धरला व्हय?" संध्याकाळी तिनं उपास सोडायला साखरेच्या पाण्याचा थेंब दिला, आणि मैना तो प्याली. रात्रभर मला वाटत राहिलं की मैना आता माझ्या न धरलेल्या सोमवारांचा हिशेब ठेवणार.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
शिवलिंग

ता. क. १ : तू शाळेत असताना दोरीनं विंचू धरायचास. हवापालटाला म्हणून ये आणि शुक्रवारपर्यंत राहा. शांभवीला यातलं सांगायचं नाही.

ता. क. २ (हे पाकिटाच्या पाठीवर लिहितोय) : पाकीट चिकटवण्याआधी मैनेला माशी सोडली. डोळे मिटूनच सोडली, नेहमीप्रमाणे. चिकटवून बघतो तर काचेत माशी एकटीच फिरत होती, आणि हे पाकीट तोवर टेबलावर उघडंच पडलं होतं. फोडून बघायचं धाडस माझ्यात नाही. पोस्टात टाकलं तर शिक्का बसेल, म्हणून गारगोटीच्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती देतो. दारं-खिडक्या लावून हळू उघड, हातानं झटकू नकोस. मैना आत आहे की नाही, तो निरोप त्याच्याचबरोबर उलट धाड. तोवर मी इथे स्टँडवरच बसतो. घरी जायचं की नाही ते त्यावर ठरेल.